गोलमागे बसलेली लालीबाई

दोन हजार अठरा सालची गोष्ट. माघ सरत आला होता आणि पांढरकवड्याच्या मैदानावर कॉलेजच्या मुलींची फुटबॉल स्पर्धा रंगली होती, हंगामातली शेवटची. फायनल यवतमाळ आणि नेरची. दोन्हीकडे शून्य. खेळ संपता संपता यवतमाळला पेनल्टी मिळाली आणि ती मारायला राखी पुढे आली.

राखी बंजारा तांड्यावरची. होस्टेलातल्या पोरी एकदा तिच्या गोरबोलीची नक्कल करून हसल्या, तेव्हापासून तिने ती बोली टाकली. मला येतच नाही, म्हणायची.

त्या दिवशी तिची आई लालीबाई न सांगता सामना बघायला आली होती. अंगात आरशांची काचळी, हातभर पांढऱ्या बांगड्या. राखीने दुरून पाहिलं आणि बुटाची लेस बांधायला खाली वाकली. लालीबाई काय ते उमजली. ती यवतमाळच्या पोरींकडे गेलीच नाही, पलीकडे गोलच्या जाळीमागे जाऊन बसली.

उत्तरार्धात तो गोल नेरचा झाला. नेरची गोलकीपर सोनू, तीही तांड्याचीच. चेंडू लांब असला की ती आणि लालीबाई गोरबोलीत बोलत. तांडा कोणता, गोत कोणतं, सगळं विचारून झालं. ती पोरगी माझी, हेही लालीबाईने सांगून टाकलं.

राखीने चेंडू ठेवला. तेवढ्यात वावटळ उठली. सोनूने डोळ्यावर हात धरला आणि आपल्या माणसाला सांगावं तसं राखीला गोरबोलीत म्हणाली, जरा थांब बाई, डोळ्यात माती गेली.

रेफरी पंजाबराव सरांना ते कळलं नाही. त्यांनी राखीला विचारलं, "काय म्हणून राह्यली ती?"

राखीच्या मागे कॅप्टन गुंजन उभी होती, सगळा संघ उभा होता.

"मले नाही समजत, सर."

सरांना वाटलं, गोलकीपर वेळ काढते आहे. सोनू मराठीत सांगायला तोंड उघडते, तोच शिट्टी झाली. चेंडू तिच्या पायाजवळून गेला, तिला दिसलाही नाही. जाळीला लागून तो लालीबाईच्या गुडघ्यापाशी थांबला.

गुंजनने राखीला उचलून घेतलं. तिच्या खांद्यावरून राखीला दिसत होतं. लालीबाई ओढणीचा बोळा तोंडाच्या वाफेवर गरम करून सोनूचा डोळा शेकत होती.

सगळे पांगल्यावर राखी आईकडे गेली. कप पाठीमागे धरलेला.

"याडी," ती हळूच म्हणाली. लहानपणापासून आईला ती गोरबोलीत हेच म्हणायची.

लालीबाईने तिच्या कपाळावरचा घाम पुसला. मग बाजारात परक्या माणसाशी बोलावं तसं, सावकाश मराठीत म्हणाली, "घरी कधी येशीन?"

लेकीशी ती जन्मात पहिल्यांदा मराठीत बोलली.

पुढे गुंजन लग्न होऊन नागपूरला गेली. सोनू पोलिसात लागली. पंजाबराव सर रिटायर झाले, बाभुळगावला असतात. राखी त्याच कॉलेजात पोरींना फुटबॉल शिकवते. कप तिथल्याच कपाटात आहे. लालीबाई तांड्यावर शेळ्यांशीसुद्धा गोरबोलीत बोलते. राखी आता फोन करते तो मैदानावरून, पोरींच्या देखत, खणखणीत गोरबोलीत. पलीकडून लालीबाई सगळं ऐकून घेते आणि मराठीत विचारते, "जेवली काय?"