वाकळीचा घास

आई सहा महिने अंथरुणात आहे. मला तर ती दोन वर्षांपासून ओळखत नाही. दिवसभर रिकाम्या चिमटीनं हवेतच वाकळ शिवत बसते.

"शिवू द्या. हाताची सवय हाय," महामाया सिस्टर म्हणाल्या. त्या लोह्याच्या दवाखान्यातून येतात, फक्त आईचं दुखणं कमी करायला.

आज दुपारी आईनं भाकरीचा तुकडा मागितला. चार दिवस तिच्या पोटात काही नव्हतं. मी पळतच आणला.

तिनं खाल्ला नाही. "वाकळ उपाशी ठिवू न्हाई," म्हणत मांडीच्या वर, हवेतच ठेवला. गोधडीची शेवटची कड शिवण्याआधी ती नेहमी आत भाकरीचा घास ठेवायची.

तुकडा पडला नाही. आई टाके घालत राहिली, तसा तो एका कडेनं हळूहळू झाकला गेला.

मग तिनं दातानं दोरा तोडला. आवाज मला ऐकू आला.

"तनुजा." दोन वर्षांत पहिल्यांदाच तिनं मला नावानं हाक मारली. "झाली बघ तुझी. ये, पांघरून घे."