निम्मी मेमरी

वालीवच्या कारखान्यात लेथ चालवणाऱ्या अक्षदानं चार वर्षं खपून बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम लिहिला आणि तो वसईच्या अशाच प्रोग्राम्सच्या स्पर्धेत अंतिम फेरीत पोचला. तीनपैकी पहिला डाव मात्र जिंकता जिंकता वेळ संपून हातचा गेला. "सगळी मेमरी दिलीस ना त्याला?" नवऱ्यानं विचारलं. "तिथंच चुकलं! कॉम्प्युटरला स्वतःपुरतीही उरली नाही, म्हणून रखडतोय," म्हणत तिनं ती निम्मी केली. "अगं, वेडी झालीस?" "पट्टा फार ताणला की लेथचंही बेअरिंग जातं. थोडी ढील लागतेच." दुसरा डाव प्रोग्रामनं झपाझप जिंकला. तिसऱ्यात त्यानं वजिराचा बळी दिला, सभागृह हळहळलं. पण सहाच खेळ्यांत पुण्याच्या गतविजेत्या इंजिनिअरच्या प्रोग्रामच्या राजावर मात झाली. टाळ्या थांबेनात. तो इंजिनिअर वही घेऊन आला. "मॅडम, मेमरी नेमकी किती ठेवलीत?" अक्षदानं खुर्ची सरकवली. "बसा, सांगते."