सासूबाईंचा जाहीर पाठिंबा

टीव्हीवरची सून दारात उभी राहिली तेव्हा पंचफुलाबाई ज्वारी निवडत होत्या. त्यांनी आधी डोळे चोळले. रोज संध्याकाळी मालिकेत सासूचा छळ सोसणारी ती पोरगी, आज चक्क त्यांच्या उंबऱ्यात.

मुंबईची ही नटी लोहा गावात आली होती ती दिपालीताईंच्या प्रचाराला. आणि नगराध्यक्षपदासाठी दिपालीताईंच्या विरोधात उभी होती पंचफुलाबाईंची खरीखुरी सून, शिवकन्या. उघड्या जीपमधून हात हलवून हलवून नटीला तहान लागली, समोर दार उघडं दिसलं, ती शिरली. घर कुणाचं हे तिला ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं ते गप्प बसले.

पंचफुलाबाईंनी पाणी दिलं, पाट मांडला. पहिल्यांदा घरी आलेली बाई रिकाम्या पदरानं जात नाही, मग ती कुणाच्या का प्रचाराला आलेली असेना. नटीला पदर धरायचा कसा तेही माहीत नव्हतं. "आस्सा धर, माय," म्हणत त्यांनी तिची ओटी भरली. तांदूळ, नारळ, कपाटातला बरा खण. कुंकू लावलं आणि तिच्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या, "लई सोसलंस गं माय. आता तुझे दिवस येतील बघ."

गावातला यूट्यूब चॅनेलवाला व्यंकट माईक घेऊन जीपमागं फिरतच होता; त्यानं दारातूनच हे सगळं टिपलं. निवडणूक लागल्यापासून त्याचे पाय जमिनीवर नव्हते. पंचफुलाबाई पुन्हा ज्वारीकडे वळेपर्यंत गावभरच्या मोबाईलवर ठळक अक्षरं झळकली: 'शिवकन्याताईंच्या सासूबाईंचा दिपालीताईंना जाहीर पाठिंबा!' नटीच्या गळ्यात दिपालीताईंच्या चिन्हाचा रुमाल होता, एवढा पुरावा त्याला बास झाला.

संध्याकाळी शिवकन्या धुळीनं माखून घरी आली. मतदान परवावर आलेलं आणि दिवसभर गल्लीगल्लीत बायकांनी तिला एकच गोष्ट ऐकवली होती, तुझी सासूच तुझ्यासंगं न्हाई तर आमी कशाला यावं? तिच्यामागून पुण्याचे साहेब आत आले. त्यांची प्रचार सांभाळायची कंपनी होती.

"आत्याबाई, काय केलाव हे?"

"काय केलं? वटी भरली."

"आन् ते बोललाव ते?"

"खरंच हाय की ते. तिची सासू लई नासकी हाय. तू एकदा बघ तर."

साहेबांनी घाईनं मोबाईल तिवईवर लावला. "काकू, काही बिघडलं नाही. आपण आपला व्हिडिओ काढू. मी लिहून आणलंय, तेवढं म्हणायचं. माझी सून कर्तबगार आहे. अशी सून घरोघरी मिळो. माझा आशीर्वाद शिवकन्यालाच."

पंचफुलाबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला. शिवकन्या भिंतीला टेकून उभी होती. तिला राग आला होता, पण रागापेक्षा वाईट वाटत होतं आणि ते आता तोंडातून निघालंच. "इतकी वर्सं झाली या घरात. मला कवा म्हनलाव का आत्याबाई, लई सोसलंस म्हणून?"

साहेबांनी मोबाईल चालू करून बोटानं खूण केली.

"माझी सून कर्तबगार आहे," त्या म्हणाल्या आणि अडल्या. पुढचं आठवेना. मग त्यांनी मोबाईलकडे बघायचंच सोडलं. "पावसात माझा पाय मोडला व्हता. गाडी भेटंना. हिनं मला पाठकुळी घेऊन दवाखाना गाठला. आन् मी वाटंत हिच्यावरच वरडत व्हते, हळू चाल म्हणून. दोन लेकरं, शेत, माझी दुखणी, समदं काढलं हिनं. आन् मी त्या टीव्हीवरलीची कीव करत बसले." त्यांनी नाक पुसलं. "शिवकन्या, लई सोसलंस गं माय. तुलाच म्हनायचं राहून गेलं."

शिवकन्यानं तोंडाला पदर लावला होता.

साहेबांनी मात्र उडीच मारली. "कमाल केलीत काकू! ताई, हे सकाळपर्यंत घराघरात पोचतंय. निवडणूक फिरली म्हणून समजा!"

"पुसून टाका ते," शिवकन्या म्हणाली.

"काय?"

"मोबाईलातून पुसा. माझ्यासमोर."

"अहो ताई, हे खरं आहे! लोकांना हेच लागतं."

"लोकायला लागतंय ते तुमच्या कागदावरचं द्या. हे त्यायचं न्हाई. हे मला म्हनल्यात त्या."

साहेबांनी कपाळाला हात लावला. दिपालीताईंच्या नटीचा त्यांनी मनातल्या मनात उद्धार केला, आणि पुसलं. शिवकन्यानं मोबाईल हातात घेऊन, पुसलं गेल्याची खात्री करून तो परत तिवईवर ठेवला.

दुसऱ्या खेपेला पंचफुलाबाई ताठ बसल्या. शाळेतल्या पोरीनं पाढे म्हणावेत तसं सगळं एका दमात म्हणून मोकळ्या झाल्या, 'कर्तबगार'ला दोनदा अडखळल्या आणि कुणी सांगितलं नसताना शेवटी मोबाईलला नमस्कारही केला.

साहेबांनी ते दोनदा बघितलं. त्यांचा चेहरा पडला. "ताई, स्पष्टच सांगतो. हे अगदी खोटं वाटतंय."

शिवकन्याचे डोळे अजून ओलेच होते, पण तिला हसू आवरेना.

"हेच टाका," ती म्हणाली.