न्हाव्याच्या छतावरचा अँटेना

"वर बसून आमचं बोलणं तोडता. न विचारता तोडता. उत्तर द्या."

पाण्याच्या टाकीवरची ही लाल अक्षरं नेरिओनेच रंगवली होती. कंपनीने एका दुपारी अख्ख्या टेकडीची इंटरनेटची लाइन बंद केली, तेव्हा. मग त्यानेच खालून कराकस शहरातून एक जोडणी वर आणली, छताछतावर अँटेना बसवले आणि सगळ्यांना वाटणी करणारा राउटर आपल्या खोलीत ठेवला. कुणाला किती वेग, ते वस्तीच्या सभेत हात वर करून ठरलं. आधी फोनवरचं बोलणं, मग शाळा, सिनेमे सगळ्यांत शेवटी. बोलणं कुणाचंही अडवायचं नाही, हा नियम नेरिओचाच.

आज तोच नेरिओ पडद्यासमोर दातओठ खात बसला होता.

त्याच्या बायकोचा, युस्बेलिसचा फोन आजही अर्हेनिस न्हाव्याच्या अँटेनावर होता. रोज दुपारी तिथेच. घरात भरपूर वेग असताना ही बाई एवढ्या पायऱ्या चढून त्याच्या छताखाली जाते कशाला? परत येते ती दाढीच्या साबणाचा वास घेऊन. आणि तोंडावर हसू. घरात ती शेवटची कधी हसली? केइबर जायच्या आधी. पोरगा चिलीला निघाला तेव्हा नेरिओ दारातून ओरडला होता, "गेलास तर मला फोन करू नकोस!" पोराने केला नाही. तेव्हापासून बायको याच्यापुढे ताट सरकवते आणि भिंतीकडे बघते. नवऱ्याला भिंत, न्हाव्याला हसू!

पडद्यावरची हिरवी रेघ चढली. व्हिडिओ. बसले असतील डोक्याला डोकं लावून सिनेमा बघत.

नेरिओने अर्हेनिसच्या छताची वेगाची मर्यादा खाली ओढली. आणखी खाली. तरी पोट भरेना. मग बोलण्याला जी सूट होती, तीही त्या एका छतापुरती काढून टाकली. बस म्हणावं आता मुका. हिरवी रेघ धाडकन पडली. कितीतरी दिवसांनी नेरिओला बरं वाटलं. दोघांची तोंडं बघायला तो पायऱ्या चढून गेला.

दुकानात खुर्चीवर अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक होतं. ते म्हणालं,

"आले बघा मालक! अर्हेनिस, श्वास जपून घे रे. तोही मोजतील."

अर्हेनिस हसला नाही. हातातल्या वस्तऱ्याने त्याने मागचं अंगण दाखवलं.

अंगणात युस्बेलिस पालथ्या खोक्यावर बसली होती. एकटीच. दोन्ही हातांत फोन धरलेला. पडद्यावर केइबर. दाढी वाढलेली, तोंड अर्धवट उघडं, तसाच थिजलेला.

"घरातून फोन करू नकोस म्हणतो. बाबा ऐकतील म्हणतो. म्हणून इथे येते," ती म्हणाली. "रोज त्याची समजूत काढते. आज पहिल्यांदा म्हणाला, आई, बाबांना बोलव. मी उठले, आणि हा असा थांबला."

नेरिओ थिजलेल्या पडद्याकडे बघत म्हणाला,

"कंपनीचंच काहीतरी असेल... खालून..."

शेजारच्या घरात इंटरनेटवरचा सिनेमा चालू होता. मारामारीचा. जरासुद्धा न अडखळता.

युस्बेलिसने तो ऐकला. मग नवऱ्याच्या खांद्यावरून वर टाकीकडे पाहिलं.

"वर बसून," ती म्हणाली. "न विचारता. उत्तर दे, नेरिओ."