भवनाच्या नव्या खुर्च्या

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत नगरपरिषदेचं सांस्कृतिक भवन पेशंटसाठी उघडा, म्हणून सगळ्या गावानं हात जोडले. नगराध्यक्ष दादासाहेबांनी किल्ली खिशात घातली. "नवी फरशी हाय, दवाखाना करून नासवायची न्हाई." त्याच फाटकाबाहेर, रिक्षात, भवनाच्या व्यवस्थापक सुमेधाचे वडील विष्णुपंत गुरुजी तडफडून गेले.

वर्षभरानं भवन पुन्हा सुरू करायची वेळ आली, तर खुर्च्या मोडलेल्या आणि नगरपरिषदेच्या तिजोरीत खडखडाट.

"मॅडम, लोकवर्गणीतून खुर्च्या आणा," दादासाहेब म्हणाले. "वैशाखात आमच्या निकिताचं लगीन हितंच हाय."

"आणते की," सुमेधा म्हणाली.

ती दारोदार फिरली, पण ज्या घरातलं माणूस त्या लाटेत गेलं, तेवढ्याच घरी. कुणीही नाही म्हटलं नाही. देवळातल्या पंख्यांवर घालतात तसं प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर गेलेल्याचं नाव घालायचं ठरलं. मजकूर सुमेधानंच लिहून दिला.

लग्नाच्या दिवशी पहाटेच खुर्च्या येऊन मांडल्या गेल्या. शेवगाव-राहात्याकडचे पाहुणे आत आले आणि खुर्च्यांपाशी नुसते उभे राहिले. फेटा सावरत दादासाहेबांनी माईक घेतला, "मंडळी, बसून घ्या, मुहूर्त टळतोय!" तरी कुणी बसेना. शेवटी ते स्वतःच खाली उतरले आणि पहिल्या खुर्चीपाशी वाकले. 'कै. विष्णुपंत गुरुजी यांच्या स्मरणार्थ.'

 

नावं प्रत्येक खुर्चीवर वेगळी होती, त्याखालची ओळ मात्र सगळीकडे एकच: 'दादासाहेबांनी किल्ली दिली नाही.'