उलटा स्वल्पविराम

"तुटत नाही म्हणजे काय, शगुफा? काय लिहिलंयस ते दाखव आधी."

मेहरंगेज दुशान्बेतल्या आपल्या स्वयंपाकघरात लॅपटॉपसमोर बसली होती. शेजारचा चहा गार होऊन गेला होता. तिची विद्यार्थिनी सरहद्दीवरच्या नदीपलीकडे, अफगाणिस्तानातल्या तालुकानमध्ये. पडद्यावर शगुफाचा चेहरा नसायचा, नुसतं नाव. मेहरंगेज बोलायची आणि शगुफा लिहून उत्तर द्यायची. घरात माणसं असतात, एवढं कारण पुरेसं होतं.

तिकडे मुलींच्या शाळा बंद झाल्या तेव्हा मेहरंगेजने हा वर्ग सुरू केला. आधी पडदा नावांनी भरलेला असे. मग कुणाचं लग्न लागलं, कुणाचा फोन काढून घेतला, कुणी नुसतीच यायची थांबली. आता एकटी शगुफा उरली होती. सगळ्यांत हुशार तीच.

पण आताशा तिचंही काही खरं नव्हतं. पीएचपी या संगणकाच्या भाषेतला साधा धडा पुढे सरकत नव्हता. स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची सलग ओळ. ती तोडायची आणि एकेक तुकडा आपापल्या खणात ठेवायचा, की झाला अ‍ॅरे. तोडायचं काम एक्सप्लोड नावाची आज्ञा करते. कुठे तोडायचं ते तिला आधी सांगायचं, काय तोडायचं ते नंतर. शगुफा नेमकं उलटं लिहायची. ते सुधारलं तर दुसरंच काहीतरी बिघडायचं.

पडद्यावर ओळ आली. बदाम, तुती, जर्दाळू, अक्रोड. चार खण व्हायला हवे होते, झाला होता एकच. मेहरंगेजने वाकून पाहिलं.

"अगं, हा तुमच्या लिपीतला उलटा स्वल्पविराम आहे. तू तोडायला सांगितलंस इंग्रजी स्वल्पविरामावर. एक्सप्लोडला तो सापडलाच नाही, म्हणून सगळं एकाच खणात कोंबलं. उन्हाळ्यात हीच चूक तू बाकीच्यांना समजावत होतीस. विसरलीस?"

मग अक्षरं उमटली, एका बोटाने टाइप केल्यासारखी, थांबत थांबत.

"माफ करा, उस्ताद. परत सांगाल?"

मेहरंगेजने परत सांगितलं. शेवटी ओळ तुटली, चार खण झाले.

"खरंच इतकं चांगलं यायचं, उन्हाळ्यात?" पलीकडून विचारणा झाली.

"कौतुक ऐकायची हौस आली वाटतं," मेहरंगेज हसली. "मी प्रश्न पुरा करायच्या आत तुझं उत्तर तयार असायचं. एकदा तर माझीच चूक काढलीस, तीही इतक्या अदबीने की मला राग येईना. पुरे एवढं?"

"आणखी सांगा."

मेहरंगेजचं हसू मावळलं. पोरीला कुणीतरी घरात खच्ची करतंय, याबद्दल तिची खात्री झाली. आणि ते कोण, हेही तिने मनाशी ठरवून टाकलं.

"बाप बोलतो का तुला? अभ्यास करू देत नाही ना?"

"बाप वाईट नाही, उस्ताद."

"सगळ्या मुली हेच म्हणतात. आणि तोच बाप एक दिवस त्यांना कुणाच्यातरी गळ्यात बांधून मोकळा होतो. माझं ऐक, त्याला कशाचाही पत्ता लागू देऊ नकोस."

"बरं, उस्ताद."

त्यानंतर मेहरंगेजने जिवाचं रान केलं. बिश्केकच्या एका कॉलेजात आयनुरा नावाची तिची जुनी मैत्रीण प्रवेशाचं काम पाहायची. तिच्या इतक्या विनवण्या केल्या की अखेर शगुफासाठी एक जागा निघाली, राहण्याजेवण्यासकट. अट एकच होती. बोलून मुलाखत द्यायची.

मेहरंगेजने हे सांगितलं तेव्हा पलीकडून दोनच शब्द आले. "जमणार नाही."

"न जमायला काय झालं? शेजारणीकडे जा, गोठ्यात बस, कुठूनही बोल. अशी जागा पुन्हा मिळायची नाही."

"मुलाखत नको, उस्ताद. धडा तेवढा चालू ठेवा."

"धडा घेऊन काय करणार आहेस, त्या चार भिंतींत?" मेहरंगेज चिडून बोलून गेली. लगेच तिला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतले नाहीत. मुलाखतीची वेळ कळवली आणि कॉल बंद केला.

ठरल्या दिवशी दुपारी आयनुरा बिश्केकहून पडद्यावर आली. शगुफाचं नावही उगवलं. मेहरंगेजने सुटकेचा श्वास सोडला.

"बोल बेटा," आयनुरा म्हणाली. "घाबरू नकोस. आधी नाव सांग."

मग पलीकडचा आवाज सुरू झाल्याची खूण झाली. कुणीतरी खोकलं. पुरुषाचा खोकला.

"सलाम. मी नूरुल्ला. शगुफाचा बाप."

सापडली पोर. आजवर बापाबद्दल आपण काय काय बोललो ते मेहरंगेजला एका दमात आठवलं.

"हे बघा, तिचा यात काही दोष नाही," ती घाईने म्हणाली. "मीच मागे लागले होते. काय बोलायचं ते मला बोला, तिला हात लावू नका."

"मी कुणाला काही बोलायला आलो नाही, उस्ताद." आवाज दमलेला होता. "ती जागा अडवून ठेवू नका. दुसऱ्या एखाद्या मुलीला द्या. एवढंच सांगायचं होतं, लिहून ते तुम्हाला पटेना."

"ते तुम्ही ठरवणारे कोण? तिला बोलवा. तिच्या तोंडून ऐकू दे मला. एकदाच."

आयनुराने नजर खाली वळवली.

"रोज संध्याकाळी ती मला शिकवायची, जे तुम्ही शिकवलं ते," नूरुल्ला म्हणाला. "पानगळीत तापाने गेली, उस्ताद. तेव्हापासून तुमच्यापुढे मीच बसतोय."