खणखणीत टाळी
दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या आणि शनिवारी संध्याकाळी हॉटेलात गिटार वाजवून, गाऊन चार पैसे जोडायचे, असा माझा बेत होता. "तुझ्या गाण्यानं निदान झोप तरी छान लागते," असा आशीर्वाद बायकोनं मी निघताना दिलाच. आज चाचणी होती. हॉटेलच्या मालकांनी आधीच बजावलं होतं, "गिऱ्हाइकं उठून गेली, तर पुन्हा यायचं नाही." मी पहिलं गाणं सुरू केलं आणि कोपऱ्यातल्या तान्ह्या बाळानं असं भोकाड पसरलं, की दोन टेबलांनी बिलं मागवली. मालकांचा चेहरा पडला. घाबरून मी माझ्याकडचं सगळ्यात संथ गाणं धरलं. दुसऱ्या कडव्याला बाळ पेंगलं, तिसऱ्याला गाढ झोपलं. मी थांबलो, तसं ते पुन्हा चुळबुळलं. त्याचा बाप हात जोडून कुजबुजला, "दादा, थांबू नका. आठवडाभर आमच्या डोळ्याला डोळा लागलेला नाही." मग मी तेच गाणं पुन्हा धरलं. आणि पुन्हा. वेटर बूट काढून वाढू लागले. बिलं मागवणारे परत मेनू चाळू लागले. दारातून मालक हातानंच 'चालू दे, चालू दे' करत होते. एवढ्यात खिडकीपाशी बसलेल्या आजोबांना राहवलं नाही. "वा!" म्हणत त्यांनी खणखणीत टाळी वाजवली. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या गाण्याला कुणीतरी मनापासून दाद दिली होती, आणि "शूऽऽ!" म्हणून त्यांच्यावर सगळ्यात आधी डोळे वटारले, ते मीच.